पाश्चरच्या गावची पिवळी वाईन



विषय पत्रिकेत छापून आला तसे दोन-तीन फोन आले. "बाई, सरांच्या नावाने चाललेल्या व्याख्यानमालेत दारूवर बोलणार?" प्रश्न रास्त आहे. सुपरमार्केटात वाईन ठेवू द्यावी की नाही, यावरून २०२२ साली आपल्याकडे केवढे रान उठले होते ते सगळ्यांच्या लक्षात असेल. त्या वादात मला आज शिरायचे नाही. वाईन प्या असे सांगायला मी आलेले नाही, आणि पिऊ नका हे सांगायला इतर पुष्कळ मंडळी समर्थ आहेत. सर शाळेत जीवशास्त्र शिकवत आणि शाळा भरण्याआधी स्वतःच्या बागेत फवारणी उरकून येत. अशा माणसाच्या स्मरणार्थ द्राक्ष आणि सूक्ष्मजीव या दोहोंवर बोलावे यात वावगे काही नाही, असे मला वाटले. शिवाय ज्या मुलखाबद्दल बोलणार आहे, तिथे जन्मलेल्या दोन माणसांचे ऋण आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक बागायतदाराच्या डोक्यावर आहे. एकाचे नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. दुसऱ्याचे फारसे कोणी ऐकले नसेल, पण त्याचे औषध तुमच्या पंपात असते.

हा मुलूख म्हणजे जूरा. फ्रान्सच्या पूर्व कडेला, स्वित्झर्लंडच्या सरहद्दीशी याच नावाची डोंगररांग आहे. तिच्या पश्चिम उतारावर सालँ-ले-बँपासून दक्षिणेला सँतामूरपर्यंत सुमारे ८० किलोमीटर लांबीचा एक चिंचोळा पट्टा द्राक्षांचा आहे. लांबी एवढी, पण द्राक्षाखालचे क्षेत्र जेमतेम २,००० हेक्टर. एकट्या नाशिक जिल्ह्यातली बाग याच्या कितीतरी पट भरेल. पश्चिमेला सोन नदीचा सखल प्रदेश ओलांडला की बर्गंडी लागते. जगातल्या सर्वांत महागड्या वाईनी जिथे होतात तो हा प्रांत. धनाढ्य भाऊबंदाच्या वाड्याला लागून राहणाऱ्याची जी अवस्था होते ती जूराची शेकडो वर्षे होती. बाहेरचा माणूस बर्गंडीपर्यंत यायचा आणि तिथूनच परत फिरायचा.

हवामानही फारसे मेहरबान नाही. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बारा महिने विखुरलेला, म्हणजे रोगराईला आमंत्रणच. वसंतात डोळे फुटतात आणि मागून कडाका पडतो. एप्रिल २०२१ मध्ये असाच कडाका पडला आणि अनेकांच्या हाती त्या वर्षी जवळपास काहीच लागले नाही. आपल्याकडे ऐन हंगामातली गारपीट ज्यांनी सोसली आहे त्यांना याचे वर्णन करून सांगायला नको.

जमीन मात्र नामी. भूगर्भशास्त्रात जो ज्युरासिक काळ म्हणतात, त्याला नाव मिळाले ते या डोंगरांवरून. हुम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १७९५ साली इथल्या चुनखडीला वेगळे नाव दिले आणि पुढे ते सबंध कालखंडाला चिकटले. डायनोसॉरच्या सिनेमामुळे पोराटोरांच्या तोंडी बसलेला शब्द मुळात या द्राक्षांच्या डोंगरातला आहे. वरच्या कड्यांवर चुनखडी आणि खाली उतारावर निळसर-राखाडी, चुन्याचा अंश असलेली चिकणमाती, साधारण वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाची. आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तेव्हा तिथली वाईन इथे किंवा इथली तिथे होणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करून पुढे जाऊ.

या पट्ट्यात मुख्य वाण पाच. त्यातले दोन, शार्डोने आणि पिनो न्वार, बर्गंडीशी सामाईक. शार्डोने तर क्षेत्रात पहिल्या क्रमांकाचे आहे आणि जूरातली बुडबुड्यांची वाईन, क्रेमाँ, मुख्यतः त्यावरच चालते. पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर तो हाच. पण त्याच्यावर मी वेळ घालवणार नाही, कारण शार्डोने आता जगात कुठेही मिळते.

उरलेले तीन वाण खास तिथले. पूल्सार हा काळा म्हणवणारा वाण, पण त्याची साल इतकी पातळ की वाईनला रंगच धड चढत नाही. पेला उजेडात धरला तर पलीकडचे दिसते. पुपियाँ नावाचे एक छोटे गाव स्वतःला या वाणाची जागतिक राजधानी म्हणवते. गावाच्या अभिमानाला लोकसंख्येची अट नसते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पूल्सार इतका हलका असल्यामुळे जूरात उलटी रीत पडली आहे. सगळीकडे पांढरी वाईन आधी आणि तांबडी नंतर देतात, इथे तांबडी आधी येते आणि भारदस्त पांढरी मागून. दुसरा वाण त्रूसो. याला ऊन हवे, गरम होणारी खडकाळ जमीन हवी, म्हणून मोंतिन्यी-लेझार्स्यूरसारख्या मोजक्या गावांत तो रमतो. हाच वाण पोर्तुगालमध्ये बास्तार्दो नावाने आहे आणि पोर्टसारख्या गोड वाईनमध्ये मिसळला जातो. थंड डोंगरातला हा पाहुणा पार अटलांटिकच्या काठापर्यंत कधी आणि कोणाच्या हातून पोचला, हा अभ्यासकांना चघळायला चांगला प्रश्न आहे.

तिसरा वाण सावान्याँ. आजच्या व्याख्यानाचा नायक तोच.

सावान्याँ पांढरा, बारीक मण्यांचा, जाड सालीचा, भरपूर आम्ल असलेला आणि उत्पादनात कंजूष. पिकायला इतका उशीर की पुष्कळदा इतर सगळी तोडणी आटोपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस त्याची पाळी येते. पैशाच्या हिशोबाने पाहणाऱ्या कोणीही तो केव्हाच उपटून टाकला असता. पण त्याचे कूळ पाहा. २०१९ साली 'नेचर प्लांट्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये उत्खननात सापडलेल्या जुन्या द्राक्षबियांमधला डीएनए काढून तो आजच्या वाणांशी ताडून पाहिला होता. ओर्लेआँ इथे मिळालेली, सुमारे नऊशे वर्षांपूर्वीची एक बी आजच्या सावान्याँशी तंतोतंत जुळली. 'जवळची' किंवा 'त्याच कुळातली' असे नव्हे, तीच. बी पेरून असे होत नाही. बीपासून आलेला वेल नवाच निपजतो, हे सर वर्गात कलमाची काडी हातात धरून सांगत. याचा अर्थ, आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायच्या आधीपासून कोणीतरी दरवर्षी त्या एका वेलाची काडी घेत आले, लावत आले आणि ही साखळी एकदाही तुटली नाही.

आणखी एक गोष्ट जनुकीय तपासण्यांतून उघड झाली. सावान्याँचे सोव्हिन्यॉं ब्लाँ आणि शेनँ ब्लाँ या वाणांशी थेट जन्मदाता-अपत्याचे नाते आहे. नाशिकच्या वाईनबागांमध्ये पांढऱ्या वाईनसाठी सर्वांत जास्त लावलेले वाण हेच दोन. म्हणजे दिंडोरीच्या माळावर तारेवर चढलेल्या या वेलांचे रक्त जूराच्या निळ्या मातीतल्या वाणाशी मिळते. तिथे गेले तेव्हा एका बागायतदाराला मी हे सांगितले. तो म्हणाला, "पोरे दूर गेली की बापापेक्षा जास्त कमावतात." फ्रेंच शेतकरी आणि मराठी शेतकरी यांच्यात मला तरी त्या क्षणी फरक दिसला नाही.

आता सावान्याँचे तिथे काय करतात ते सांगते. हा भाग जरा सावकाश घ्यावा लागेल.

वाईन करणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो असा, की पिंप काठोकाठ भरलेले ठेव. ओकच्या लाकडातून वाईन हळूहळू उडते, पिंपात पोकळी होते, पोकळीत हवा शिरते आणि हवेवर जगणारे जिवाणू वाईनचे व्हिनेगर करून टाकतात. म्हणून जगभर ठरावीक दिवसांनी पिंपे उघडून त्यांत भर घालतात. जूरातही बहुतेक वाईनी अशाच सांभाळतात. पण सावान्याँची काही पिंपे निवडून बाजूला काढतात आणि त्यांत भर घालणे मुद्दाम सोडून देतात. पिंप जुने असते, २२८ लिटरचे, आधी हीच वाईन राहून गेलेले. भरतानाच वर थोडी जागा मोकळी ठेवतात. मग पिंप बंद करून स्वस्थ बसतात. किती काळ? कायदा सांगतो, तोडणीनंतरच्या सहाव्या वर्षाच्या १५ डिसेंबरपर्यंत. म्हणजे सहा वर्षे आणि वर सुमारे तीन महिने. त्यातली किमान पाच वर्षे त्या पिंपात भर घालायची नाही.

आत काय चालते ते पाहू. साखर संपली की आंबवणारे यीस्ट सहसा मरून तळाशी बसते. इथे त्यातले काही वाण मरत नाहीत. ते वर तरंगतात आणि दुधावर साय धरावी तसा वाईनवर थर धरतात. पातळ, सुरकुतलेला, राखाडी-पांढरा. फ्रेंच लोक त्याला पडदा म्हणतात. हे यीस्ट आपल्या पावात असते त्याच जातीचे, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पण साखर नसल्यामुळे ते आता अल्कोहोलवर जगते आणि त्यासाठी हवेतला ऑक्सिजन वापरते. त्याने वापरल्यामुळे तो ऑक्सिजन खालच्या वाईनपर्यंत फारसा पोचत नाही. म्हणजे उघड्यावर ठेवलेल्या वाईनचे रक्षण तिच्याच अंगावर वाढलेली बुरशीसारखी साय करते. ऋतूंबरोबर हा पडदा वाढतो, विरतो, पुन्हा धरतो. म्हणून या पिंपांसाठी गार, स्थिर तळघर लागत नाही. उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि हिवाळ्यात गारठणाऱ्या खोल्या, क्वचित माळेसुद्धा, त्यांना मानवतात.

पडद्याला धक्का लागता कामा नये, म्हणून नमुना वरून काढत नाहीत. पिंपाच्या तोंडाला, मध्यापासून जरा खाली, बोटाएवढी तोटी बसवलेली असते. जूरातल्या आर्ब्वा या गावी एका तळघरात तिथल्या कामगाराने ती तोटी फिरवली, घोटभर वाईन पेल्यात घेतली आणि पेला माझ्या नाकाशी धरला. त्या अंधारात मला आधी जो वास आला तो मेथीचा होता. भाजलेल्या मेथीचा, डिंकाच्या लाडवांत घालतो त्या. मला वाटले घराची आठवण झाली म्हणून भास झाला. पण हा भास नव्हता. मेथीदाण्यांना जो वास असतो तो मुख्यतः सोटोलॉन नावाच्या रेणूचा, आणि पडद्याखालच्या वाईनमध्ये वर्षानुवर्षे हळूहळू साठत जातो तोही सोटोलॉनच. फ्रेंच लोक तिचे वर्णन करताना अक्रोड म्हणतात, 'करी' म्हणतात. त्यांच्या देशात मेथी पोचते ती करी पावडरच्या डबीतून, त्यामुळे त्यांचे नाक तिथपर्यंतच जाते. लोणच्याच्या मसाल्याचा डबा उघडणाऱ्या आपल्या घरातल्या कोणाही बाईने हे एका हुंगण्यात ओळखले असते.

हिचे नाव व्हँ जोन, म्हणजे पिवळी वाईन. पिंपातले एक लिटर सहा वर्षांत उडून उडून ६२ सेंटिलिटरच्या आसपास उरते, असा जुना हिशोब आहे. म्हणून तिची बाटलीही ६२ सेंटिलिटरची, बुटकी, चौकोनी खांद्याची, नाव क्लाव्हलँ. युरोपात वाईनच्या बाटल्यांची मापे ठरलेली आहेत, त्यांत हे माप बसत नाही, तरी या एका वाईनपुरते ते मंजूर आहे. पहिल्या घोटाला ती आवडणारे कमी. कोरडी, आंबट, तिखटसर, आणि गिळल्यावरही चव जिभेवरून हलता हलत नाही. तिथले लोक ती थंडगार पीत नाहीत, बाटली आदल्या दिवशी उघडून ठेवतात, सोबत कोंते नावाचे डोंगरातले चीज आणि अक्रोड घेतात. कोंबडीच्या रश्श्यात मोरेल अळंबी आणि ही वाईन घालतात, तो तिथला सणासुदीचा पदार्थ.

आणि ती टिकते. २०१८ साली जूरातल्याच लाँ-ल-सोनिए इथे १७७४ च्या तोडणीची एक बाटली १,०३,७०० युरोंना लिलावात गेली. १७७४ म्हणजे आपल्याकडे सवाई माधवरावाच्या जन्माचे साल. लिलावातल्या आकड्यांचे मला फारसे कौतुक नाही, तो श्रीमंतांचा खेळ असतो. पण याच १७७४ ची एक बाटली १९९४ साली जाणकारांनी उघडून चाखली होती आणि त्यांनी तिला जवळपास पैकीच्या पैकी गुण दिले होते. दोनशे वीस वर्षांनी ती अजून वाईनच होती, याचे मला आश्चर्य वाटते.

बाकीचे दोन प्रकार थोडक्यात सांगते. व्हँ द पाय म्हणजे घड किमान सहा आठवडे सुकवून मग गाळलेली गोड वाईन. १०० किलो द्राक्षांतून जेमतेम १५-१८ लिटर रस निघतो, म्हणून ती लहान बाटल्यांतच विकतात. दुसरी माकव्हँ: ताज्या रसात चोथ्यापासून गाळलेली कडक दारू घालायची आणि आंबवण रोखायचे. गोड आणि जड. मला ती भावली नाही.

आता सुरुवातीला म्हटलेल्या दोन माणसांपैकी पहिल्याकडे, पाश्चरकडे वळते. लुई पाश्चरचा जन्म १८२२ सालचा, दोल गावचा, पण तो वाढला आर्ब्वात. बाप चामडे कमावणारा, नेपोलियनच्या फौजेतला निवृत्त शिपाई. पॅरिसला नाव कमावल्यावरही पाश्चर सुट्टीला आर्ब्वाला यायचा, जवळजवळ शेवटपर्यंत. १८६३ साली बादशहा तिसऱ्या नेपोलियनने त्याला सांगितले की फ्रेंच वाईन बिघडते त्याचे कारण शोध. निर्यात बुडत होती. पाश्चर सूक्ष्मदर्शक घेऊन आपल्या गावी आला. त्याने आर्ब्वातल्या एका बंद पडलेल्या कॅफेत प्रयोगशाळा थाटली. कॅफेची पाटी तशीच होती. त्यामुळे वाटसरू आत शिरून टेबलाशी बसत आणि खायला-प्यायला मागत, आणि समोर काचनळ्या, भट्ट्या आणि त्यांत गुंतलेली माणसे पाहून माघारी जात, असे त्याच्या चरित्रात लिहिले आहे.

त्या कॅफेतल्या कामातून १८६६ साली त्याचा वाईनवरचा ग्रंथ निघाला. बिघाडाच्या प्रत्येक प्रकारामागे वेगळा सूक्ष्मजीव आहे हे त्याने दाखवले. वाईन काही वेळ ५० ते ६० अंशांपर्यंत तापवली तर ते मरतात आणि वाईन टिकते, हेही दाखवले. आज दुधाच्या पिशवीवर जो शब्द छापलेला असतो तो याच कामातून आला. दुधाला ती रीत नंतर लागली. पण मला महत्त्वाचे वाटते ते त्या ग्रंथातले दुसरे काम. वाईनवर साय धरणाऱ्या सूक्ष्मजीवांत दोन जाती आहेत, एक व्हिनेगर करणारी आणि दुसरी निरुपद्रवी, हा भेद त्याने चित्रे काढून समजावला. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण एकीने पिंप वाया जाते आणि दुसरीने जूराची सर्वांत किमती वाईन होते. वाईनवाल्यांना हे अनुभवाने कळत होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाश्चरने पाहिले. आजही पिवळ्या वाईनच्या पिंपांचे नमुने वर्षभरात अधूनमधून प्रयोगशाळेत जातात, आणि व्हिनेगरचे आम्ल वाढले तर ते पिंप तिथेच बाद होते.

१८७८ ची हकीकत त्याहून रंगतदार आहे. क्लोद बेर्नार हा फ्रान्सचा थोर शरीरक्रियाशास्त्रज्ञ त्या वर्षी वारला आणि त्याच्या मागे सापडलेल्या टिपणांत त्याने पाश्चरविरुद्ध मत मांडलेले निघाले, की आंबवायला जिवंत यीस्टची गरज नाही, द्राक्ष पिकून सडले की ते आपोआप होते. पाश्चर दुखावला आणि चिडला. मेलेल्या मित्राशी वाद कसा घालणार? त्याने आर्ब्वाजवळ चार वर्षांपूर्वी घेतलेल्या बागेत, घड कच्चे असतानाच, काही वेलांभोवती काचेची घरे उभारली. आतले काही घड वर कापसात गुंडाळले. सालीवर यीस्ट येऊन बसण्याच्या आत वेल बंद करायचे, ही कल्पना. ऑक्टोबरात काचेतली द्राक्षे पिकली, चिरडली, आणि आंबेनात. बाहेरची द्राक्षे नेहमीसारखी आंबली. ते घड पॅरिसला नेऊन त्याने अकादमीपुढे ठेवले. संशोधनाच्या पद्धतीचा एवढा सुटसुटीत नमुना मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तीस वर्षे मुलांना शिकवताना पहिल्या तासाला मी हाच सांगत आले.

दुसरा माणूस आलेक्सिस मियार्दे. जन्म १८३८, जूरातल्याच मोंमिरे-ला-व्हील या खेड्यात. हा वनस्पतिशास्त्रज्ञ पुढे बोर्डोला प्राध्यापक झाला. अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने तेव्हा फ्रान्सच्या बागा पानगळीने ओस पडत होत्या. १८८२ च्या ऑक्टोबरात मेदोक भागात रस्त्याने जाताना मियार्देला दिसले की इतरत्र पाने गळली आहेत, पण रस्त्याकडेचे वेल हिरवेगार आहेत. विचारल्यावर कळले, येणारे-जाणारे घड चोरतात म्हणून बागवाल्यांनी मोरचूद आणि चुना कालवून कडेच्या वेलांवर शिंपडले होते. निळसर डाग पाहून चोराला वाटावे की विष आहे. मियार्देने प्रयोगशाळेत प्रमाण बसवले आणि १८८५ साली ते जाहीर केले. तेच आपले बोर्डो मिश्रण. सरांच्या हातांवर हंगामभर असत ते याचेच निळे डाग. एक टक्का बोर्डो कालवल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहायचा आणि पात्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवायचा, हे ज्यांना बापाकडून आले आहे त्यांनी मियार्देचे नाव एकदा तरी घ्यावे.

औषधाने केवडा आवरला, पण फायलॉक्सेरा आवरला नाही. मुळे खाणारी ही अमेरिकी कीड १८८० च्या आसपास जूरात पोचली. तोवर तिथे सुमारे २०,००० हेक्टर बाग होती. उपाय एकच होता, अमेरिकी खुंटावर कलम. त्या खुंटांच्या कामातही मियार्दे होताच. पण पुन्हा लागवड करायला पैसा हवा, आणि तोवर रेल्वेने दक्षिणेची स्वस्त वाईन दारात आणून टाकली होती. पुढे दोन महायुद्धे झाली. वीस हजारांचे दोन हजार झाले.

तगले ते का तगले, याचे उत्तर मला दोन गोष्टींत दिसते. पहिली सहकार. डोंगरात गावोगावचे दूध एकत्र करून मोठाली चीज बनवायची रीत जुनीच होती. तीच १९०६ साली आर्ब्वाच्या द्राक्षवाल्यांनी उचलली आणि सहकारी वाईनरी काढली. ती आजही चालू आहे. दुसरी गोष्ट कायदा. १९३५ साली फ्रान्सने ठरवले की गावाचे नाव बाटलीवर लावायचे तर वाण, उत्पादन आणि पद्धत यांचे नियम पाळावे लागतील. १५ मे १९३६ रोजी पहिली मोजकी नावे जाहीर झाली, त्यांत आर्ब्वा होते. पंधरा दिवसांत शातो-शालाँही आले.

या शातो-शालाँबद्दल बोलल्याशिवाय थांबता येत नाही. कड्याच्या टोकावर बसलेले टुमदार गाव, जुन्या काळी उमराव घराण्यांतल्या जोगिणींचा मठ, खाली तीव्र उतारावर निळी माती आणि सुमारे पन्नास हेक्टर सावान्याँ. या नावाने फक्त पिवळी वाईन विकता येते, दुसरी कोणतीही नाही. तोडणीपूर्वी एक समिती बागांमधून फिरून द्राक्षे पाहते. १९७४, १९८०, १९८४ आणि २००१ या चार वर्षी द्राक्षे त्या लायकीची नाहीत, असे ठरले आणि त्या वर्षी शातो-शालाँ नावाची एकही बाटली निघाली नाही. हा निकाल सरकारने लादलेला नव्हता. ज्यांच्या बागा, त्यांनीच आपले नुकसान सोसून तो घेतला. द्राक्षे फेकली नाहीत, साध्या नावाखाली विकली.

आता पाश्चरच्याच गावात एक वेगळे वारे आहे. १९८० च्या दशकात पुपियाँच्या पिएर ओव्हेर्नुआ यांनी वाईनमध्ये गंधकाचा अंश घालणे बंद केले. त्यांच्या मागून कितीतरी तरुण मंडळी त्या वाटेला लागली. तापवायचे नाही, मारायचे नाही, द्राक्षासोबत जे जीव येतील ते राहू द्यायचे. पॅरिस, न्यूयॉर्क, तोक्यो इथे या बाटल्या हातोहात जातात. काही जण म्हणतात, हा पाश्चरचा पराभव. मला ते पटत नाही. कुठला जीव आहे हे ओळखल्याशिवाय त्याला राहू देणे म्हणजे जुगार, आणि त्या जुगारात हरलेल्या बाटल्याही मी आर्ब्वात चाखल्या आहेत. चांगले 'नैसर्गिक' वाईनवाले आपल्या तळघरात जेवढा सूक्ष्मदर्शक वापरतात तेवढा मोठे कारखानदारही वापरत नसतील.

शेवटी आपल्याबद्दल. 'नाशिक व्हॅली वाईन' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. मानांकन मिळाले की आपण सत्कार करतो, फोटो काढतो आणि विसरतो. या सभागृहात वाईनवाले आहेत, खायच्या द्राक्षांचे निर्यातदार आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आहेत. त्यांना माझी एकच विनंती आहे. आपल्यातल्याच पाच जाणत्या बागायतदारांची समिती नेमा, तिला तोडणीआधी बागांमधून फिरू द्या आणि ज्या वर्षी माल उतरला नसेल त्या वर्षी 'यंदा हे नाव लावायचे नाही' असे म्हणण्याचा अधिकार तिला लेखी द्या. त्या समितीला सूक्ष्मजीवशास्त्राची कोणी म्हातारी बाई लागली तर मी यायला तयार आहे.